खंडेनवमीचं पिस्तूल

"हॉलवर नेता येणार नाही, बाबा. कायद्यात बसत नाही."

चारुदत्तने हे तिसऱ्यांदा सांगितलं. त्याचे सासरे वासुदेवराव चहात बिस्कीट बुडवत शांत बसले होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस. खंडेनवमीला शस्त्राची पूजा चुकवायची नाही, हा त्यांचा नेम. थंडीला घाबरून इतकी वर्षं जर्मनीचं नाव न काढणारे वासुदेवराव यंदा अचानक लेकीकडे, बाड सोडनला येऊन दाखल झाले होते. जावयाच्या तिजोरीत पिस्तूल आहे म्हटल्यावर ते महाराष्ट्र मंडळाच्या हॉलवर नेऊन पुजायचं, असं त्यांनी बूट काढता काढताच जाहीर केलं होतं.

"गाडीने तर न्यायचंय. कमरेला लावून थोडंच?"

"गाडीचाच तर कायदा आहे." चारुदत्तने वही पुढे सरकवली.

गेल्या आठवड्यात एका दुपारी फ्रँकफर्टच्या वाचनालयात बसून त्याने सगळी कलमं उतरवून काढली होती. पिस्तूल रिकामं हवं. कुलूपबंद पेटीत हवं. गोळ्या वेगळ्या डब्यात, परवाना जवळ, आणि वाटेत गाडी सोडून कुठे जायचं नाही. इथवर सगळं जमण्यासारखं होतं. घोडं पेंड खात होतं ते शेवटच्या अटीवर. ज्या कारणासाठी परवाना दिला, त्याच कारणासाठी पिस्तूल घराबाहेर काढायचं. त्याचं कारण होतं नेमबाजी. पूजा हे कारण जर्मन सरकारच्या स्वप्नातही आलेलं नव्हतं.

"आणि पकडलं तर काय होतं?" डबा घासता घासता विभावरीने विचारलं. आजही त्याने दुपारची पोळी तशीच परत आणली होती.

"परवाना जाईल. पिस्तूल जमा."

तिने डबा पालथा घातला. त्या परवान्यासाठी त्याने दीड वर्ष घातलं होतं. क्लबच्या चकरा, परीक्षा, कागदांची चळत. हल्ली तर समोर लक्ष्य असलं की तेवढाच वेळ त्याचं डोकं शांत राहायचं, बाकी कशात मन लागत नव्हतं. पिस्तूल गेलं तर आपलं म्हणावं असं काही उरणार नाही, असं त्याला अगदी मनापासून वाटायचं.

"मग असं करू चारुदत्तराव," वासुदेवराव म्हणाले. "जिथे नेता येतं, तिथेच पूजा करू. तुमच्या क्लबात."

चारुदत्त बघतच राहिला. इतकी कलमं पाठ करून आपल्याला हे कसं सुचलं नाही? त्याने मनातल्या मनात हिशेब जुळवला. आधी दहा गोळ्या झाडायच्या, मग पूजा. म्हणजे प्रवास नेमबाजीचाच ठरतो.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो हसला.

खंडेनवमी शुक्रवारी आली होती. "रजा मिळेल ना रे?" विभावरीने आदल्या दिवशी विचारलं. "मिळेल की. त्यात काय?" तो म्हणाला, आणि तिनेही विषय वाढवला नाही. सकाळी पुरणाचं निमित्त सांगून ती घरीच थांबली. निघताना मात्र तिने उगाचच त्याची कॉलर सारखी केली.

टाउनुस डोंगराच्या पायथ्याशी पोलिसांनी गाडी थांबवली. चारुदत्तने न विचारताच सगळं सांगून टाकलं. मागे पेटी, पेटीला कुलूप, गोळ्या वेगळ्या, हा परवाना. पोलिसाने कागद सावकाश वाचला आणि मग वासुदेवरावांच्या मांडीवरच्या झेंडूच्या माळेकडे बोट दाखवलं.

"हे कशासाठी?"

"नेमबाजी झाल्यावर पूजा आहे. आधी नेमबाजी," चारुदत्त म्हणाला.

पोलिसाने एकदा माळेकडे, एकदा त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "इतकं व्यवस्थित कुणी नेत नाही," म्हणाला आणि जायची खूण केली. चारुदत्तची छाती फुगली. वासुदेवराव हात जोडून बसले होते.

क्लबच्या चिटणीस ब्रांटबाई वाटच पाहत होत्या. दहा गोळ्या झाल्या. पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, माळ घातली. बाईंनीही कुतूहलाने एक फूल वाहिलं. चारुदत्त पेटी उघडू लागला, तसा वासुदेवरावांनी त्याचा हात धरला.

"पुजलेलं शस्त्र दसऱ्याच्या आत घरी नेत नाहीत."

"बाबा, इथे टेबलावर सोडून गेलो तर मला आत टाकतील."

"मग यांच्या तिजोरीत ठेवा."

ते मात्र कायद्यात बसत होतं. एका दिवसाचा तर प्रश्न होता. म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा, असा विचार करून त्याने बाईंना विचारलं. त्यांनी लगेच एक अर्ज त्याच्यापुढे ठेवला.

"आल्झो, तर मग, तुमची फक्त सही हवी. बाकीचं तुमच्या बायकोने मंगळवारीच येऊन भरलंय."

अक्षर विभावरीचंच होतं. त्याचं नाव, पत्ता, पिस्तुलाचा क्रमांक, सगळं बिनचूक. किती काळ ठेवायचं, या रकान्यात तिने जर्मनमध्ये लिहिलं होतं, 'नवी नोकरी लागेपर्यंत.'

वासुदेवराव पाठमोरे होऊन खिडकीबाहेर पाहत होते.

जूनमध्ये नोकरी गेली, हे चारुदत्तने घरात अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.