दोन रेघा

भैरूआबांच्या नातीचे पाय चौथ्या वर्षापासून लुळे पडत चालले होते. पुण्याच्या प्रयोगशाळेतली सुषमा तिच्या रक्ताचा निकाल घेऊन पाटसजवळच्या वस्तीवर आली आणि कागदावर घराणं काढून दाखवू लागली. बाप्यांना चौकोन, बायांना गोल, लग्नाला एक रेघ. थोरल्या लेकीच्या लग्नाला मात्र तिनं दोन ओढल्या. "ह्या दोन का, पोरी?" "जावई तुमच्या बहिणीचा मुलगा ना, आबा? एकच बिघडलेलं जनुक नातीला आईकडूनही आलं, बापाकडूनही. म्हणून स्नायू टिकत नाहीत." आबा मेंढरांकडं बघत राहिले. चाळीस वर्षं ते परक्या कळपातला मेंढा आणत होते, घरच्याच मेंढ्यावर भागवलं की कोकरं पांगळी निपजतात म्हणून. रविवारी धाकट्या लेकीचीही सुपारी बहिणीच्याच दुसऱ्या मुलाशी फुटायची होती. त्यांनी बहिणीला फोन लावला. "आक्का, सुपारी ऱ्हाऊ दे. आपुन मेंढा भायेरून का आणतो?"