दगाबाज बॅटरी

शिवणकाम करणाऱ्या मावशींचा फोन पार थकला होता. रविवारी परगावच्या लेकाचा फोन यायचा, ‘कशी आहेस, जेवलीस का’ होईस्तोवर स्क्रीन काळी पडायची. मग मावशी शेजारणीपाशी बॅटरीच्या नावानं बोटं मोडायच्या. “मेलीनं आजही दगा दिला. नाहीतर लेक माझा तासभर बोलला असता हो!”

नवा घ्यावा की आहे तोच रेटावा, या घोळात वर्ष गेलं. शेवटी कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याला जुना देऊन त्यांनी नवा घेतला. रविवारी शिलाई मशीन बंद ठेवलं आणि पूर्ण चार्ज केलेला फोन मांडीवर घेऊन बसल्या.

लेकाचा फोन आला. कशी आहेस झालं, जेवलीस का झालं. “बरं, ठेवतो गं आई,” म्हणून त्यानं ठेवूनही दिला. बॅटरीचा एक टक्काही उतरला नव्हता.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच मावशी पायरीवर हजर.

“माझा जुनाच दे रे बाबा.”

“का मावशी? याची बॅटरी टिकत नाही?”

“टिकते ना! आता मी बोटं कुणाच्या नावानं मोडू?”