शेवटच्या रांगेतले काका

मनातलं ओळखणारे पुष्कळ असतात, पण कसं ओळखलं ते खरंखरं सांगणारा तिचा नवरा एकटाच. बाकीचे खुलासा म्हणून काहीतरी ठोकून देतात. खेळात तो प्रेक्षकांतल्या एखादीला म्हणायचा, "ताई, तुमची नजर अंगठीकडे गेली, म्हणून कळलं." आणि नजर खरंच गेलेली असायची. प्रत्येक प्रयोगाला ती अनोळखी होऊन मागे बसायची आणि त्याचा शब्दन् शब्द पडताळून पाहायची. आजवर एकदाही तो खोटा ठरला नव्हता.

आज शेवटच्या रांगेत ती एकटीच होती. माणूस उठला की बैठक फटकन वर जाणाऱ्या त्या स्प्रिंगच्या खुर्च्या ओळीने मिटून उभ्या होत्या.

"शेवटच्या रांगेतले काका," नवरा रंगमंचावरून हसत म्हणाला, "तुम्ही शेजारच्या बाईंचा विचार करताय."

टाळ्या पडल्या. सवयीने तीही कौतुकाने टाळ्या वाजवू लागली.

"कसं कळलं सांगू? तुम्ही आत्ताच त्यांच्याकडे वळून बसलात."

तिने शेजारी पाहिलं. खुर्चीत कुणी नव्हतं. बैठक मात्र खाली होती.