बरणी संपेपर्यंत

लढाईच्या दिवसांत इटलीहून रजेवर आलेल्या श्रीरंगने चेरीतालच्या घरी ऑलिव्हची बरणी आणली. जाताना म्हणाला, "आई, ही संपेपर्यंत मी परत येतोच."

आईने ती खारी फळं आवडीने संपवली. मग उरलेलं पाणी लवकर संपावं म्हणून मिठाऐवजी वरणात, भाजीत, कणकेतही घालू लागली.

"अगं, वरण किती खारट करून राहिलीस!" श्रीरंगचे वडील, अण्णा, म्हणाले.

"जेवा हो मुकाट्यानं. एवढं घालते, तरी बरणी काहून संपत नाही?"

अण्णा मान खाली घालून जेवत राहिले.



श्रीरंग आता कधीच येणार नाही, हे त्यांना कामावर, फॅक्टरीत आलेल्या तारेनं कळलं होतं. तेव्हापासून ती देवळात गेली की ते बरणीत मिठाचं पाणी ओतून ठेवत.