पिसांचे मोजे

"ज्या सुनेची पिल्लं सरस, अख्खं परसदार तिच्या ताब्यात," सासूबाईंनी जाहीर केलं आणि थोरलीच्या घशात चहा अडकला.

सरस कोणाची होणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. दोघी जावांच्या कोंबड्या एकाच वाणाच्या, अंडीही सारखीच तांबूस. पण धाकटीने संकरासाठी माहेरून कोंबडा आणला होता. तो पायांत पिसांचे मोजे घालून जावयासारखा मिरवायचा. थोरलीचा कोंबडा म्हणजे आरवणारा झाडू.

"मला कारखान्यातून वेळ कुठे, जाऊबाई? परसदार तुम्हालाच मिळू दे," धाकटी म्हणाली.

"पोट भरलेल्याने उपाशाला धीर देऊ नये," थोरली फणकारली. जखमेवर मीठ चोळते मेली!

अंडी फुटायला आली तेव्हा मात्र तिला राहवेना. भरदुपारी, घर घोरत असताना तिने डाव साधला. धाकटीची अंडी आपल्या खुडूक बसलेल्या कोंबडीखाली, आपली धाकटीच्या. धाकटीची कोंबडी इतकी गरीब, की पोटाखालून अंडी काढली तरी डोळे मिटून बसली. थोरलीची मालकिणीच्या वळणावर गेलेली. परका हात आला की रक्त काढल्याशिवाय सोडत नसे. मालकिणीला मात्र तिने मुकाट हात घालू दिला.

मोजेवाली पिल्लं तुझ्याकडे कशी, असं कोणी विचारलंच, तर उत्तर तयार होतं: कोंबड्याला काय कुंपण कळतं?

परतताना नळावर कारखान्यातून आलेली धाकटी भेटली. बोटाला चिंधी.

"काय गं झालं?"

"सुरी लागली, जाऊबाई."

'धसमुसळी!' थोरली मनात म्हणाली आणि कधी नव्हे ते तिच्याकडे बघून गोड हसली.

पिल्लं फुटली. सासूबाईंनी चष्मा पुसून दोन्ही टोपल्या न्याहाळल्या. धाकटीच्या टोपलीतल्या एकूणएक पिल्लाच्या पायांवर मऊ पिसं. थोरलीची सगळी उघड्या पायांची. झाडूची लेकरं!

"धाकटे, परसदार तुझं!"

थोरलीच्या पायाखालची जमीन सरकली. स्वतःच्या हाताने अदलाबदल केलेली, मग हे झालं कसं? पण धाकटीचं तोंड तिच्याहूनही पांढरं पडलं होतं.

"असं कसं होईल?" ती पुटपुटली. "परवा मीच तर माझी सगळी अंडी तुमच्या..." जीभ चावून ती हात घाईघाईने पाठीमागे नेऊ लागली.

चिंधी सुटून खाली पडली. बोटावर सुरीची रेघ नव्हती; थोरलीच्या कोंबडीच्या चोचीचे खोल टोचे होते.