तौआतीच्या खड्ड्याची गोष्ट

आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही, असं लुतेलू म्हाताऱ्यानं जाहीर केलं आणि दातांत अडकलेला कुपा माशाचा काटा निवांतपणे काढत बसला. रविवारची उपासना आटोपली होती. मानेआपात, म्हणजे गावाच्या सभाघरात, पंगत उठत आली होती आणि पोटं भरलेली माणसं आपापल्या घराण्याच्या खांबाला पाठ टेकून सुस्तावली होती. विश्वास ठेवणं आम्ही मागच्या नाताळातच सोडलंय, तुम्ही आपलं सांगा, असं कुणीतरी म्हणालं.

लुतेलू बोलत होता सगळ्यांशी, पण त्याचा डोळा समोरच्या खांबावर होता. तिथं वाइसुआ बसला होता.

चार महिन्यांपूर्वीच्या वादळात समुद्र बेटावर चढला आणि वाइसुआच्या पुलाकाच्या खड्ड्यात शिरला. पुलाका म्हणजे अळूचा थोरला भाऊ. गोडं पाणी लागेपर्यंत खणायचं, त्या पाण्यात त्याला लावायचं आणि लेकरासारखं वर्षानुवर्षं पानांचं खत भरवायचं. पाच पिढ्यांचा तो खड्डा आठ दिवसांत सडून गेला. चर्चच्या मंडळीतला वडीलधारा पुढारी असलेला वाइसुआ एकदा प्रार्थनेला उभा राहिला की ताटातलं जेवण गार व्हायचं, इतका तो देवाशी बोलायचा. त्या दिवसापासून त्याचं तोंड मिटलं. उपासनेला यायचा, गुडघे टेकायचा, उठायचा.

"भाऊजी, हे देवाशी भांडले असते तरी मला चाललं असतं," त्याची बायको सेलेपा विहिरीवर लुतेलूला म्हणाली होती. "आमच्या घरात आता फक्त समुद्र बोलतो." परवा तर त्यानं खणायची काठी शेजाऱ्याला देऊन टाकली होती. ती आजोबांची काठी होती. काठी दिली म्हणजे माणसानं खड्डा सोडला, हे बेटावर कुणाला सांगावं लागत नाही.

तर लुतेलूनं काटा फेकला आणि सुरुवात केली. या वाइसुआचे आजोबा, तौआती, यांच्या पुलाकाचं एकेक पान एवढं असे की एकदा पावसात अख्खी मंडळी त्याखाली बसून उपासना करून घरी गेली, कोरडी. कंद उपसायला अकरा पुरुष आणि एक बाई लागली.

"मागच्या खेपेला नऊ होते," लुतेलूची मेहुणी तेमुकिसा म्हणाली.

दोघं नंतर आले, असं लुतेलूनं सांगितलं. बाई कशाला लागली, असं कुणी विचारलं, तर ती बाकीच्यांना शिव्या द्यायला. मानेआपा हसला. पाळकसाहेबही हसले, मग उपासनेचे कपडे अजून अंगावर आहेत हे आठवून थांबले. वाइसुआ चटईच्या पातीकडे बघत होता.

पुढचं वाक्य जोखमीचं होतं. स्वतःबद्दल किंवा कुणाच्या पानाकंदाबद्दल वाटेल तेवढ्या थापा माराव्यात, त्याला गावाची हरकत नाही. पण मानेआपात, दुसऱ्याच्या खांबासमोर, त्याच्या पूर्वजाबद्दल खोटं बोलायचं नसतं. अशा एका वाक्यावरून घराण्यांनी एकमेकांच्या दारातून जाणं सोडलंय, तेही तीस-तीस वर्षं. वाइसुआ उठून गेला असता तर पुन्हा या चटईवर बसला नसता, आणि लुतेलूचा लहानपणापासूनचा मित्र त्याला परत मिळाला नसता.

तरी तो बोलला. तौआतीच्या काळातही असाच समुद्र आत आला होता, म्हणाला. सगळा खड्डा खारट. दुसरा असता तर रडला असता. तौआती काठावर गेला, एकदाच गुडघे टेकले, एकच प्रार्थना केली, आणि तीसुद्धा आखूड. तीन दिवसांत पाणी गोड. समुद्रानं माफी मागितली आणि जाताना दोन कुपे ठेवून गेला.

कुणी हसलं नाही. पाळकसाहेबांनी पेला खाली ठेवला. तेमुकिसानं हळूच लुतेलूची बाही ओढली, आता पुरे. त्यानं बाही सोडवून घेतली.

"आणि खताची पानं? पानं एकसुद्धा टाकली नाहीत," तो वाइसुआच्या खांबाकडे बघत म्हणाला. "कशाला टाकायची? श्रद्धा होती ना."

"खोटं."

आवाज इतका बारीक आणि गंजलेला होता की काहींना तो कुणाचा ते कळलंच नाही. सेलेपाला कळलं. तिनं हातातलं ताट चटईवर टेकवलं.

"खोटं आहे हे," वाइसुआ म्हणाला. तो अजून चटईकडेच बघत होता, आणि एकेक शब्द खोलातून शेंदून काढावा तसा काढत होता. "तीन दिवस नाही. तीन वर्षं. पावसाचं पाणी वरून उतरतं आणि खारं खाली ढकलतं, त्याला तीन वर्षं लागतात. आजोबा रोज सकाळी पानं घेऊन जायचे. नीरफणसाची, बारीक चिरून. खड्ड्यात एक कोंब नव्हता, तरी रोज."

लुतेलूनं गोष्ट त्याच्या हाती सोडून दिली. त्याच्या आयुष्यात असं क्वचितच घडलं होतं.

"आणि प्रार्थना," वाइसुआनं मान वर केली, "पहिलं वर्षभर त्यांच्या तोंडून प्रार्थना निघालीच नाही. आजीनं सांगितलंय मला. नुसती पानं टाकायचे."