बाबांची फुटबॉलची वही

बाबांच्या आजारपणात श्रीनिवासला जर्मनीतल्या कोलोनहून यायला जमलं नाही. तेराव्याच्या जेवणाला मात्र तो सवड काढून इंग्लंडला, स्लाऊच्या घरी आला. जेवता जेवता पाहुण्यांना सांगत होता, "बाबांना जर्मन फुटबॉलचं भारी वेड. दर रविवारी फोनवर नुसते स्कोअर. मी रिसीव्हर टेबलावर ठेवून चहा करून यायचो."

उल्काने बाबांना कधी एकही मॅच बघताना पाहिलं नव्हतं. परदेशी फोनवर काय बोलायचं, ते आधी लिहून काढायची त्यांची सवय होती. ती वही तिने भावाच्या ताटाशेजारी ठेवली. अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदचा अख्खा बुंडेसलिगा सीझन, सामन्यांच्या दर फेरीला एक पान, पेपरातून उतरवलेला.



चौतीसही पानांवर शेवटची ओळ एकच होती : 'श्री खुलला, की विचारणे, घरी कधी येतोस?'